ऑडिट म्हणजे ऐकणं

देवरेसाहेब ऑडिटर होते, पण वहीला हात लावत नसत. बोदवडच्या आमच्या विकास सोसायटीत आले की सेक्रेटरी म्हणून मी वाचायचं आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचं.

"चौधरी, ऑडिट म्हणजे काय?"

"तपासणी, साहेब."

"चूक! ऑडिट म्हणजे ऐकणं. मूळ लॅटिन शब्द. जुन्या काळी कारकून हिशेब मोठ्यानं वाचायचा आणि साहेब ऐकायचा. खोटं डोळ्याला दिसत नाही, कानाला लागतं." वर आपल्या धुळ्याच्या बोलीत दम भरायचे, "माले बठ्ठं ऐकू येस!" म्हणजे, मला सगळं ऐकू येतं.

त्यांचा लाडका शब्द म्हणजे 'पुन्हा'.

"सतरंज्या चार," मी वाचलं.

"पुन्हा."

"चार, साहेब."

"पुन्हा!"

"तीन!" मी ओरडलोच. "एक आमच्या घरी आहे, बहिणीच्या साखरपुड्याला नेली होती!"

"उद्या आणा," ते शांतपणे म्हणाले. पहूरच्या सेक्रेटरीनं तर दुसऱ्याच 'पुन्हा'ला अख्खा वजनकाटा कबूल केला होता म्हणे.

तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला. एवढं सोवळं कोणी असतं का भो? त्यात शिपायानं खबर दिली की साहेब दर रविवारी एसटीडी बूथमध्ये शिरून दार घट्ट लावतात. म्हटलं, सापडला! नक्कीच कुठल्या तरी व्यापाऱ्याशी आतून लागेबांधे.

रविवारी मागोमाग गेलो आणि काचेला कान लावला.

"पुन्हा सांग," साहेब फोनवर ओरडत होते. "पुन्हा!" मीटरचे लाल आकडे पळत होते. म्हटलं, तिकडचाही घाबरून कबूल करतोय की काय!

इतक्यात ते वळले. आता आपली धडगत नाही, असं वाटलं. त्यांनी दार उघडलं आणि मला आत ओढलं.

"चौधरी, कोणाला सांगू नका. रिटायर व्हायला चारच महिने राहिलेत. दोन्ही कान गेलेत माझे. सुरतेहून पोरगी काहीतरी विचारतेय, तीन रविवार झाले, कळतच नाही. तुम्ही ऐका आणि मला मोठ्यानं वाचून दाखवा."

मला माझीच लाज वाटली. मी फोन घेतला. पोरगी रडकुंडीला आली होती.

"साहेब," मी बूथ दणाणेल असा ओरडलो, "ती विचारतेय, रिटायर झाल्यावर एकटे कशाला राहता? इकडेच या. तुमची खाट खिडकीजवळ टाकून ठेवलीय!"

साहेबांचे डोळे भरून आले.

"पुन्हा," ते म्हणाले.

पहिल्याच वेळी त्यांना ऐकू गेलं होतं, हे मला दिसत होतं. मी पुन्हा सांगितलं.