म्हाळोजीराजांच्या चेनसॉचं इंजिन बसलं त्याची हकीकत

ग्रामदेवता पाठीशी असो, आणि नसली तरी झालं ते सांगणं प्राप्त आहे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, आषाढापासून श्रावणापर्यंतचं वर्तमान ऐसें जे. राज्याचं नाव घेत नाही, घेतलं तर सगळे भांडायला येतील. त्या राज्यी म्हाळोजीराजे नामें लाकूडतोडे राज्य करीत होते. राज्य म्हणजे काय, तर एक चेनसॉ, पेट्रोलवर चालणारी करवत. पंचक्रोशीत दुसरी नाही, म्हणून राजे. आणि त्याच राज्यात आनसाबाईंची पिठाची गिरण होती, बाई एकट्या, गिरणीमागच्या खोलीतच राहत, आणि आषाढातल्या वाऱ्यानं मागचा थोरला शिरस मुळातून हलला आणि गिरणीच्या पत्र्यावर कलला. मग बाईंनी जाऊन अर्ज केला की, "म्हाळूदादा, झाड उतरवा. गिरण गेली तर मी खाऊ काय, दगड?" राजांनी अभय दिलं आणि मिशीला पीळ दिला आणि यंत्राची दोरी ओढली, आणि पहिली फांदी उतरते तोच यंत्र गप्प झालं. पुन्हा ओढली तर दोरी हलेना. इंजिन बसलं.

मग रमजान मिस्त्रींस पाचारण जाहलं. मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि पिस्टन उन्हात धरला, तर अंगभर उभे ओरखडे, मांजरानं बोचकारल्यागत, आणि रिंग खाचेत रुतलेली, आणि सिलिंडरही आतून खरवडलेला. मिस्त्री म्हणाले, "पेट्रोलात ऑइल घातलेलं का?" राजे म्हणाले, "आम्ही काय गाढव आहोत?" मिस्त्री म्हणाले, "ते मशीनला विचारा." आणि त्यावर दोघांनी अख्खी दुपार भांडणात घालवली. आनसाबाई तिथंच उकिडव्या बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हे काळं रबर चिरलंय बघा." कार्बोरेटरातलं पेट्रोल इंजिनात नेणारं अंगठ्याएवढं रबर ते. मिस्त्री म्हणाले, "चिरलंय, फाटलं नाही ना, आक्का." आणि राजे हसले. डोळे असून न बघणाऱ्यांना काय म्हणावं ते इथं लिहिता येत नाही.

मग पिस्टन कोणता घ्यावा यावर मसलत बसली. एक कंपनीचा, सिलिंडरसकट, पण शहरातून मागवावा लागे, आणि दुसरा डुप्लिकेट, बाजारात हातोहात मिळे, पण हाताला हलका लागे. मिस्त्री म्हणाले कंपनीचाच, राजे म्हणाले डुप्लिकेट आणा, झाड काय वाट बघत बसेल, आणि आवाज चढले. त्या राज्याची रीत अशी की माणसांचं जमेना झालं की देवीला कौल लावायचा, मग लग्न असो की विहीर. तेव्हा नागोजी गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली, उजवं पडलं तर कंपनीचा, डावं पडलं तर डुप्लिकेट, आणि सगळे हात जोडून उभे राहिले, आणि उजवं पडलं. आनसाबाई म्हणाल्या, "आता रबराचंही विचारा." गुरव खवळले, "देवीचं काय स्पेअर पार्टचं दुकान आहे?" आणि राजांचा हुकूम झाला की देवीनं पिस्टन सांगितला, पिस्टनच येईल, वर एक वॉशर जरी बदललात तरी कौल मोडला. मिस्त्रींनी मान डोलावली. कौल मोडल्याचं पाप कोण घेतो?

मग श्रावणात पार्ट आला आणि मिस्त्रींनी इंजिन बांधलं, आणि खोटं कशाला बोला, सुरेख बांधलं. जुनं रबर पुसून जागच्या जागी बसवलं. मग यंत्रास नारळ फोडून राजे झाडावर चालून गेले आणि दोरी ओढताच यंत्र गरजलं आणि पातं बुंध्यात शिरलं, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. बुंधा निम्मा कापला आणि आवाज बारीक होत वर वर चढला. आनसाबाई ओरडल्या, "बंद करा दादा, बंद करा!" राजांना वाटलं, बाई शाबासकी देतायत. रबराच्या चिरेतून नुसती हवा ओढली जात होती, तिच्यापुढं पेट्रोल-ऑइल पुरेना, आणि कोरा करकरीत पिस्टन कोरडा तापला आणि चिकटला. पातं बुंध्यात अडकलं, झाड ना उभं ना पडलेलं. मग बुंधा करकरला, आणि राजे यंत्र टाकून पळाले आणि शिट्ट्या मारणारी फौजही पळाली. आनसाबाई तेवढ्या गिरणीकडे धावल्या, त्यांना दोघांनी धरून ठेवलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत झाड गिरणीवर आलं. पत्रा गेला, भिंत गेली, जात्याचे दगड फुटले, आणि पीठ उडून सगळं राज्य पांढरं झालं.

गुरव धापा टाकीत म्हणाले, "पण कौल खोटा नव्हता हां. पिस्टन चांगलाच निघाला."

आनसाबाई म्हणाल्या, "देवी कशाला खोटं बोलेल? तिला विचारलं तेवढं तिनं सांगितलं. मी तर न विचारता सांगत होते."

येणेंप्रमाणें हकीकत जाहली. राजे अजून राजेच आहेत, मिस्त्री मिस्त्री आहेत. आनसाबाई भावाच्या घरी दुसऱ्याच्या चुलीपाशी बसतात. शिरस अजून गिरणीवर आडवा पडला आहे. कापायला यंत्र नाही.