तानिमुरासरांचा शेवटचा चेंडू

निवृत्त होणं हे एकट्याचं काम नाही. त्याला समिती लागते. माणूस स्वतःच्या मनाने थकू शकतो, पण तो थकला हे जाहीर करायला अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि हारवाला यांची उपस्थिती आवश्यक असते.

हिरोकी तानिमुरा यांची निवृत्ती दोनदा झाली. पहिली जपानात. तिथे ते सतरा वर्षं व्यावसायिक बेसबॉलमध्ये चेंडू टाकत होते (जिंकले एकसष्ट, हरले चौऱ्याहत्तर, हरलेला आकडा त्यांनी आपणहून सांगितल्यामुळे हा माणूस आम्हाला सुरुवातीला संशयास्पदच वाटला). तिकडची रीत अशी, की निवृत्त होणाऱ्याचा मान राखून फलंदाजाने शेवटी चेंडू मुद्दाम चुकवून बॅट हवेत फिरवायची. त्याने फिरवली. अख्खं स्टेडियम रडलं. तानिमुरासरांना मात्र तेव्हापासून एकच घोर लागला: आपला हात खरंच संपला, की अजून थोडा आहे? मान राखला गेल्यामुळे कळायला मार्गच उरला नव्हता.

पुढे ते अमरावतीला आमच्या क्रीडा मंडळात शिकवायला आले. खानावळीच्या माणिकबाईंकडे जेवता जेवता चार वर्षांत आमची भाषा शिकले आणि एक दिवस समितीपुढे उभे राहून म्हणाले, "मले एक चेंडू टाकू द्या. समोरच्यानं खरं मारावं. मंग मी जातो."

मंडळाने ही मागणी सहानुभूतीपूर्वक मान्य करून सेवापूर्ती सोहळा ठरवला. मे महिना, भाषणं अकरा, शाली सात (तापमान त्रेचाळीस), कीर्तन एक. कीर्तन मीच सुचवलं. उंचवट्यावर एकट्याने उभं राहायचं आणि शेकडो लोकांना जागचं हलू द्यायचं नाही, हे काम बुवांचं आणि सरांचं सारखंच. पंजाबराव बुवांनी अहंकारावर निरूपण घेतलं. पूर्वरंगच दीड तास रंगला. माझे डोळे भरून आले. तेवढ्या वेळात सरांचा खांदा तीनदा आखडला आणि त्यांनी तीनदा मंडपामागे जाऊन तो सैल केला.

फलंदाज म्हणून नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातली पौर्णिमा आली होती. सरांचीच शिष्या. अध्यक्ष पुंजाजींनी तिला बाजूला घेतलं.

"पोरी, पाहुणा मानूस हाय. तीनदा हवेत फिरव, बाद हो अन् घरी जा."

"काहून? सरच म्हणून राहिले ना, खरं मार म्हणून."

"ते म्हनतीनच. मोठे लोक म्हनतच असतात. आपून आयकाचं नसते."

"पन काका, हवेत फिरवनं त्यायनं मले शिकवलंच नाई!"

सरांनी चेंडू टाकला. पौर्णिमेने मारला. तो मंडपावरून, प्रमुख पाहुण्यांवरून आणि कडुनिंबावरून जाऊन पाण्याच्या टाकीपलीकडे पडला.

सर बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. मग ताप उतरलेल्या माणसासारखे हसले, पौर्णिमेसमोर गेले आणि कमरेत वाकले. "संपला हात. लय बरं वाटलं, बाई."

इथे सोहळा संपायला हवा होता, असं एखाद्या अडाण्याला वाटेल. पण पुंजाजींनी माइक घेऊन खुलासा केला, की आताचा चेंडू सरावाचा होता. प्रत्यक्ष चेंडू वेळेअभावी थेट कार्यवृत्तात टाकण्यात येईल. त्यात पौर्णिमा तीनदा चुकली, अशी नोंद तिथेच समितीची बैठक भरवून एकमताने झाली. "आमचे सर आखीन वीस वर्षं टाकतीन!" असं पुंजाजी म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या हातात बुवांचे टाळ होते, त्यामुळे माझा आवाज जरा जास्त आला. सर हात हलवून नाही, नाही म्हणत होते. आम्ही तो विनय समजलो.

यापुढे पौर्णिमेला कोणाच्याही सत्काराला बोलवायचं नाही, हा ठरावही त्याच बैठकीत मंजूर झाला. तेव्हा वाचकहो, आपली सेवापूर्ती जवळ आली असेल, तर अगदी निश्चिंत मनाने या. आपला हात कधीचा संपलाय, हे आम्ही कोणी आपल्याला कळू देणार नाही.