सासऱ्यांचा क्लच

मला गाडीतलं सगळं कळतं. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही!

त्यामुळे सासऱ्यांनी जेवताना जाहीर केलं, "माझं आता वय झालं. गाडी चालवणं बंद! दोघा जावयांपैकी ज्याला गाडीतलं कळतं, त्याला देऊन टाकणार," तेव्हा मी साडूकडे दयेने पाहिलं. बिचारा! त्याला बॉनेट कुठून उघडतं हेही ठाऊक नाही. तो आपला "वा बाबा, काय जपलीय गाडी!" एवढंच म्हणतो, तेही घास गिळता गिळता.

हात धुऊन मी लगेच समोरच्या चढावर चक्कर मारून आलो. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि गाडी आपली रमतगमत! शेजारच्या आजी भाजीची पिशवी घेऊन मला मागे टाकून गेल्या.

"क्लच प्लेट घासलीय," मी उतरता उतरता सांगून टाकलं.

"कशावरून?" सासरे म्हणाले.

"आत्ता सिद्ध करतो!"

हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा, थोडी रेस द्यायची आणि क्लच सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन गचका खाऊन बंद पडतं. घासलेला असेल तर खुशाल चालू राहतं.

चालूच राहिलं! मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात सासूबाई आतून धावत आल्या. "काय करपलं? मी गॅस बंद करून आले!"

"काही नाही आई, क्लचचा वास आहे."

"मला नीट दिसलं नाही," साडू म्हणाला. "परत दाखव ना!"

परत दाखवलं. मग शेजारी काय चाललंय म्हणून डोकावले, त्यांना दाखवलं. बायको फोनवर होती, तिचं राहून गेलं म्हणून तिला दाखवलं. दर खेपेला पुरावा भक्कम होत गेला आणि वासही. शेवटी तर पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी जागची हलेना!

"बघा!" मी म्हणालो. "आता तर शंकाच नको."

"जेवणानंतर हलत होती," बायको म्हणाली.

गॅरेजपर्यंत गाडी ढकलत नेली. म्हणजे मी नेली. साडू आत बसला, कारण कुणीतरी स्टिअरिंग धरायला हवं ना!

गिअरबॉक्स खाली उतरवून मेकॅनिकने काळीठिक्कर प्लेट बाहेर काढली. "बरोबर ओळखलंत साहेब. क्लचच." मी त्याला हे जरा मोठ्याने म्हणायला लावलं. तो पुढे म्हणाला, "पेडल दगडासारखं जड झालेलं. चालवत कोण होतं, पैलवान?"

नवा क्लच बसला. बिल मी दिलं. गाडी आपलीच होणार, मग हात कशाला आखडता घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी सासरे शेवटची एक चक्कर मारायला म्हणून गाडीत बसले. पेडल दाबलं, सोडलं, परत दाबलं. तोंडाचा आ झाला! मग जे गेले ते गेलेच. आम्ही फाटकात ताटकळत उभे. बऱ्याच वेळाने गाडी आली ती रेडिओ लावून, आणि सासऱ्यांचं कोपर खिडकीबाहेर!

"जावईबापू! डावा गुडघा ठणकायचा म्हणून मी स्वतःला म्हातारा समजून बसलो होतो. अहो, गुडघ्याला काही झालं नव्हतं, ते पेडलच जड होतं!" त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला मिठी मारली. खरं सांगतो, मलाही भरून आलं. "गाडीतलं तुम्हालाच कळतं. मानलं!"

"मग बाबा, गाडी..." मी विनयाने म्हणालो.

"आता कशाला देऊ? अजून दहा वर्षं मीच चालवणार! बसा सगळे, तुम्हाला घरी सोडतो."

साडू खो खो हसत सुटला. सासूबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक! यांनी गाडी सोडावी म्हणून त्या कधीपासून हात धुऊन मागे लागल्या होत्या. सासऱ्यांनी पहिलंच वळण असं घेतलं की मी बायकोच्या आणि बायको साडूच्या अंगावर. पुढच्या सीटवरून सासूबाई मागे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावईबापू, तो क्लच... परत जाळता येईल का हो?"

येतो की! आमच्या घरात ते फक्त मलाच जमतं. पण नवा घालायची वेळ आली की बिलही मीच देणार, म्हणून मी गुपचूप खिडकीबाहेर बघत बसलो.