कुमारचं स्वीडन

एखादी गोष्ट कुमारनं मनावर घेतली की ती होतेच, असं निदान कुमारचं तरी मत होतं. उमरग्याजवळच्या एका गावात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. या खेपेला त्यानं थेट स्वीडन मनावर घेतलं होतं.

झालं असं, की गिऱ्हाईक नसताना त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. लाकडी घर, खिडकीबाहेर अलगद पडणारा बर्फ, टेबलावर मेणबत्ती. नवरा खिम्याचे गोळे लोण्यात तळतो, वर सायीचा पांढरा रस्सा ओततो, बाजूला लाल जाम ठेवतो आणि बायकोसमोर बसतो. दोघंच. मध्येच कुणी उठत नाही. हातात तांब्याची तार धरून कुमार कितीतरी वेळ त्या बर्फात हरवून गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दीपमाला कधी त्याच्यासोबत जेवायला बसली नव्हती. आधी सगळ्यांना वाढायची, मग उरेल ते खायची. इतके दिवस हे त्याला दिसलंच नव्हतं, आणि आता डोळ्यांपुढून जाईना.

माळकरी आई लेकीकडे गेली आणि संधी चालून आली.

"आज तू नुसतं बसायचं," त्यानं बायकोला बजावलं. "मी करतो. आपण दोघंच जेवू."

"नुसतं कसं बसत्यात?" दीपमालानं विचारलं. पण साडी नवी नेसली.

आईमुळे घरात मटण शिजत नसे, म्हणून त्यानं अंगणात तीन दगड मांडले. निम्मे गोळे तळतानाच फुटले, तरी रस्सा मात्र दुधासारखा पांढराशुभ्र झाला. टेबल, दोन खुर्च्या, मेणबत्त्या, लाल जामची बाटली. दिवस मावळला होता. वाऱ्यावर सावरीचा कापूस तरंगत येत होता, आणि कुमारला तो बर्फच वाटला. इतकं सुख त्याला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

एकच गोष्ट तो विसरला. पुरुष माणूस अंगणात मटण शिजवतोय, दिवे लागलेत, बायको नव्या साडीत बसलीय, याचा गावात एकच अर्थ होतो: कंदुरी. म्हणजे नवसाचं जेवण. त्याला आवतण लागत नाही, आणि आलेल्याला परत पाठवत नाहीत.

पहिला आला शेजारचा बब्रुवान, बायको आणि भाकरींची चवड घेऊन. "कंदुरी केलीस आन् सांगितलं न्हाय व्हय रं?"

मागोमाग चुलती धुरपताबाई गल्लीतल्या बायका घेऊन आल्या. त्यांनी पातेल्यात डोकावलं.

"ह्यो रस्सा आजारी हाय का?"

"काकू, तो तसाच असतो. स्वीडनमधी."

"तिकडं येसर मिळत न्हाय वाटतं," असं म्हणून त्यांनी घरून येसराचा मसाला आणला आणि कळशीभर पाण्यासकट ओतला. स्वीडन डोळ्यांदेखत तांबडंलाल झालं. जाम प्रसाद समजून तळहातांवर वाटला गेला.

पंगत बसली. सवयीनं दीपमालानं पदर खोचला आणि पळी उचलली. तिची एकच संध्याकाळ, तीही चालली.

"नवस तिचा हाय," कुमार एकदम बोलून गेला. "तिनं बसून जेवायचं!"

"मग बरोबर हाय," म्हणत धुरपताबाईंनी तिला खुर्चीत बसवलं. "काय बोलली व्हतीस गं नवसाला?"

दीपमालानं नवऱ्याकडे पाहिलं. देवाचं नाव मध्ये आल्यावर खोटं कसं बोलायचं?

"येकदा बसून जेवायचं व्हतं, काकू. कुणीतरी वाढलेलं."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग धुरपताबाईंनी पळी कुमारच्या हातात दिली आणि दीपमालाशेजारी जमिनीवर मांडी ठोकली.

"वाढ बाबा. ह्योच नवस माझाबी हाय, लग्न झाल्यापास्नं."

बब्रुवानची बायको बसली. मग दुसरी. मग सगळ्याच.

"आन् आमचं?" बब्रुवाननं विचारलं.

"मागनं," धुरपताबाई म्हणाल्या.

कुमार वाढत राहिला. भाकरी, रस्सा, पुन्हा भाकरी. बायका सावकाश जेवत होत्या, हसत होत्या, कुणालाच घाई नव्हती. अखेर पंगतीत कुणी काही मागेना, तेव्हा त्यानं आपलं ताट घेतलं आणि बायकोसमोरच्या खुर्चीवर टेकला. मेणबत्तीच्या उजेडात ती त्याच्याकडे बघून इतकं गोड हसली, की तो सगळं विसरला.

"ओ," ती म्हणाली, "जरा पाणी आणता का?"