पोवळ्यांचे बी अडविले त्याची हकीकत

श्री सागरनाथ रक्षण करो. शके १६९३, खरनाम संवत्सरी, एका राज्याचे बंदरी जे भय गुदरले ते किल्लेदारांचे दरबारच्या कारकुनाने लिहिले आहे. बंदराचे आखातात पाण्याखाली पोवळ्यांचा खडक, आणि ती पोवळी जिवंत, आणि दर्याची लाट आधी तेथे फुटे, मग वस्तीस येई, म्हणोन तीनशे घरे सुखे नांदत. पोवळ्यांची मोजदाद दरसाल धाकू पाणबुड्याने करावी, जातीगणिक दोरीस एक गाठ मारावी, ऐसा शिरस्ता. गाठी साठ भरत. मग सात वर्षांमागे किल्लेदार जिवबाराव यांचे मनी आले की, शेजारील नदीचा गाळ पोवळ्यांस मारितो, सबब आखाताचे मुखी बंधारा घालावा. धाकू हात जोडून बोलिला, "सरकार, भुतूर आखातात सगळा बरा आसा. पण बी भायरसून येता, दक्षिणेच्या बेटांसून, पाण्याच्या ओढीबरोबर. वाट बांधलात तर नवी जात खंयसून येतली?" किल्लेदार हसोन वदले, "पाणी निर्मळ, ऊन बेताचे, आणिक काय पाहिजे? आंतले आंत वाढतील." आणि दरबारही हसला, आणि खोटे कशास बोलावे, मीही हसलो.

मग बंधारा जाहला आणि तळ दिसेल ऐसे पाणी जाहले. परंतु दरसाल पाच-सात जाती आपले मरणे मरत, आणि त्यांचे जागी नवी येईना. गाठी चाळीस, मग एकोणीस. मग यंदा वैशाखी पाणी कढत जाहले, आणि ऊन सोसणाऱ्या जाती आधीच गेलेल्या, म्हणोन उरली ती सारी एके पंधरवड्यात पांढरी फटक पडली आणि खडक भुगा होऊ लागला. आषाढी लाटा बंधाऱ्यावर आदळोन त्यास चीर गेली, आणि मागे लाट फोडील ऐसा खडक उरला नाही, आणि किल्लेदारांचे तोंडचे पाणी पळाले. धाकूस बोलावून म्हणाले, "धाकबा, ठेवावा की फोडावा?" धाकू बोलिला, "ठेवलात तर न सांगता फुटतलो. फोडलात तर बी येतला, पण आधी दर्या येतलो. पोरांक डोंगरार धाडा सरकार, मगे फोडा."

तिसरे दिवशी वस्ती डोंगरी चढविली, आणि किल्लेदारांनी पहिला धोंडा आपले हाते काढिला, आणि दर्या आंत आला तो धाकूचे घरावरोन.

सारांश, घरे गेली, माणसे वांचली. बी येईल, ऐसे धाकू म्हणतो. किती वर्षांनी, हे विचारावयाची छाती कोणाची होईना. मीही विचारिले नाही.