आजोबांच्या शर्टाचा रंग

आमच्या मंडळाच्या अध्यक्षपदावर माझ्याइतका हक्क अख्ख्या बिल्बाओ शहरात कोणाचा नव्हता. हे मी अगदी नम्रपणे सांगतोय! अ‍ॅथलेटिक क्लब या आमच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांचं हे मंडळ, बसतं आमच्या गल्लीतल्या बारमध्ये. बाहेरगावच्या सामन्यांना बस निघाली की गेली एकतीस वर्षं त्यातली डोकी मोजतोय तो मी. मला ती खुर्ची हवी होती. इतकी, की दाढी करताना मी आरशासमोर आभाराचं भाषण म्हणून बघायचो.

आडवा आला तो कोल्दो. मासे विकतो. जुनं स्टेडियम पाडलं तेव्हा त्याने तिथलं एक आसन मिळवलं, ते त्याच्या दिवाणखान्यात आहे आणि त्यावर त्याच्या सासूलाही बसू देत नाही. एवढ्यावर लोक त्याला इतिहासाचा जाणकार म्हणतात!

माझ्याकडे मात्र फोटो होता. बाबांच्या कपाटात सापडलेला, काळा-पांढरा. अकरा तरुण, उभ्या पट्ट्यांचे शर्ट, आणि डावीकडून दुसरे, भरघोस मिशीवाले, माझे आजोबा! आमचा क्लब फक्त स्पेनच्या उत्तरेतल्या आपल्या बास्क मुलखातली पोरं खेळवतो. तेव्हा ज्याचा आजोबाच त्या शर्टात, त्याच्यापुढे एका खुर्चीचं काय घेऊन बसलात?

फोटो मोठा करून रंगवायला दिला. दुकानातल्या बाईने विचारलं, "पट्ट्या कुठल्या रंगाच्या करू?"

"कुठल्या गावात राहता हो तुम्ही?" मी म्हणालो. "लाल! आपल्या क्लबचा रंग!"

बाबांना काही विचारलं नाही. त्यांना चकित करायचं होतं.

मतदान रविवारच्या जेवणानंतर होतं. बकालाव मासा खाऊन सगळे सुस्तावले होते, तेवढ्यात मी भिंतीवरची चादर ओढली. दाराएवढा फोटो! बेचाळीस सभासद टाळ्या वाजवत उभे राहिले. कोणीतरी डोळे पुसले. कोल्दोचा चेहरा शिळ्या बांगड्यासारखा झाला.

बाबा चष्मा पुसून फोटोजवळ गेले. वय सत्त्याऐंशी, आवाज अजून खणखणीत.

"केपा, हा लाल कसा झाला रे? शर्ट निळा होता. माझ्याकडे ट्रंकेत आहे."

टाळ्या थांबल्या. निळ्या-पांढऱ्या पट्ट्या म्हणजे सान सेबास्तियानचा संघ, आमचा कट्टर प्रतिस्पर्धी! शंभर किलोमीटरवरचं गाव, पण आमच्या लेखी परमुलूख.

मी डगमगलो नाही. "अरे, आपला क्लबसुद्धा आधी निळा-पांढराच होता! आपला माणूस इंग्लंडला शर्ट आणायला गेला, निळे मिळाले नाहीत म्हणून बंदरावरून लाल-पांढरे घेऊन आला. विसरलात? म्हणजे आजोबा त्याच्याही आधीचे!"

"खरंच की!" एकजण ओरडला. टाळ्या दुप्पट झाल्या. मला कोणीतरी मिठीसुद्धा मारली.

"काका," कोल्दोने गोड आवाजात विचारलं, "आजोबांचा जन्म कधीचा हो?"

"एकोणीसशे आठचा."

"लाल शर्ट आले दहा साली. म्हणजे फोटोत आजोबा फार तर दोन वर्षांचे." कोल्दोने मान वाकडी करून फोटो न्याहाळला. "मिशीसकट!"

हशा पिकला. मी बाबांकडे पाहिलं. सावरून घ्या हो, काहीतरी बोला, असं डोळ्यांनीच विनवलं. बाबा बोललेच.

"आम्ही मूळचे सान सेबास्तियानचे. तिथल्या राखीव संघात होते ते. तुझी आजी इथली. तिच्या बापाने सांगितलं, आधी तो शर्ट उतरव, मग मुलगी देतो. उतरवला. पोरांना कळू देऊ नकोस म्हणाले होते, म्हणून गप्प होतो. तू भिंतीवर टांगशील हे काय माहीत!"

आमच्याकडे माणूस बायको बदलेल, धर्म बदलेल. क्लब बदलणं म्हणजे फारच झालं. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि समोर मतपत्रिकांची पेटी आली.

शरमेने मी कोल्दोचं नाव लिहिलं. निकाल लागला. कोल्दो एक्केचाळीस, मी एक.

एवढ्या नाचक्कीतही बाप शेवटी बाप असतो! मी बाबांचा हात धरला.

"बाबा, तुमचं एक मत मला लाखमोलाचं आहे."

"माझं?" बाबा म्हणाले. "मी कोल्दोला दिलं. मला वाटलं, तूच तुला दिलं असशील."

समोरून नवे अध्यक्ष माझ्याकडे पाहून हळूच मान डोलावत होते. चेहऱ्यावर इतकी करुणा होती, की त्यापेक्षा शून्य मतं पडली असती तर बरं झालं असतं!