त्यात माझी मेहुणी आहे!

रस्त्याकडेच्या बर्फात रुतलेली एकच सपात.

चर्चच्या जेवणाला भाताची खीर. इतकी, की पाद्रीबाईंनीही डबा भरून नेला.

पाखरांच्या दाण्यांची पिशवी, रिकामी.

मासेमारीची बादली गायब. ऑरिनचा संशय शेजारच्या लाइलवर. बोलणंच बंद.

आता सलग.

मिनेसोटातला जानेवारी. व्हर्नाने दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन आडवे कापले, माती भरली, गुलखैऱ्याचं बी पेरलं, चिकटपट्टी लावली आणि बाहेर बर्फात ठेवले. कॅन संपले, बी उरलं. ते तिच्या वारलेल्या बहिणीच्या अंगणातलं होतं. घर विकलं गेलं होतं आणि त्या अंगणावर आता डांबर होतं.

"एवढ्या गारठ्यात बी? स्वेटर विणतेस का त्याला?" तिच्या नवऱ्याने, ऑरिनने विचारलं.

"त्याला गारठा हवाच असतो. तू फक्त हात लावू नकोस."

ऑरिनने हात लावला नाही. व्हर्ना लेकीकडे गेली असताना त्याने अंगणातला बर्फ काढला आणि फावड्याने कॅन रस्त्याकडेला सरकवले. नेमकी प्लॅस्टिक नेणारी गाडी आली.

ऑरिन सपातांवरच धावला. "थांब रे! त्यात माझी मेहुणी आहे!"

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. "काय?"

"म्हणजे तिचं बी!"

"काका, घाबरवता काय! सगळं चेपलं गेलं आत."

ऑरिनने दुकानातून भरलेले कॅन आणले. दुधाची खीर केली. बाहेरची माती दगड झालेली, म्हणून घरातल्या कुंड्या उकरल्या आणि जे दाणे हाताशी होते ते पेरले.

एप्रिलअखेर व्हर्नाने चिकटपट्ट्या काढल्या. वाकून पानं निरखली.

"ऑरिन, ही सूर्यफुलं आहेत."

"तुझी बहीण होतीच जरा विक्षिप्त."

"आणि ही बाजरी?"

मग ऑरिनने सगळं सांगून टाकलं. "तिची शेवटची आठवण घालवली गं मी," तो म्हणाला. "काय हवी ती शिक्षा दे."

"देते. आधी जाऊन लाइलची माफी माग."

"लाइलचा काय संबंध?"

व्हर्ना गॅरेजमागे निघाली. ऑरिन मागोमाग.

तिथे हिरवे कोंब आलेल्या मासेमारीच्या बादलीला तिने जानेवारीतच बुडाशी भोकं पाडली होती.